तिच्या नावानं दिलेला सल्ला

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत शेती सल्लागार होतो. संस्था सीताफळवाल्यांची. डोंगरउतारावर एक-दोन एकरांचे मुरमाड तुकडे असलेली माणसं तिची सभासद होती. फळं गोळा करायची, गर काढायचा आणि विकायचा हे संस्थेचं काम. झाडांचं काय करायचं हे सांगणं माझं. माझ्याकडे कृषीची पदवी होती, मोटारसायकल होती आणि मागच्या कॅरियरला दोरीनं आवळलेला घडीपत्रकांचा गठ्ठा. सात वर्षं मी गावोगाव बैठका घेत होतो.

बैठकीला माणसं यायची. पहिल्या रांगेत एक मावशी ठरलेल्या. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. पन्नाशी उलटलेली, दोन एकर रान एकटीच्या हिमतीवर कसणारी बाई. मी जे सांगेन त्यावर त्या मान डोलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बरोबर हाय, साहेब." मग घरी जाऊन नेमकं उलटं करायच्या. झाडाखाली काडीकचरा पसरा, ओल टिकेल, असं मी सात वर्षं सांगत होतो. मावशी सात वर्षं कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर रचून पेटवत होत्या. त्यांचं बघून बाकीचेही पेटवायचे. फवारणीचंही तसंच. कोणतं औषध कधी मारायचं ते गावातला दुकानदार ठरवायचा, मी नाही.

त्या साली पाऊस गेला. श्रावणानंतर आभाळ कोरडंच राहिलं. दिवाळीपर्यंत विहिरींचा तळ दिसायला लागला आणि संक्रांतीला गावात टँकर सुरू झाला. मोसंबीवाल्यांनी बागा तोडल्या. सीताफळ चिवट झाड, ते मरत नाही. पण फळं लिंबाएवढी राहिली आणि गर निघेना म्हणून संस्थेनं ती परत पाठवली. तेव्हा आमच्या अध्यक्षांच्या मनात आलं की शेतकऱ्यांना अभ्यास दौऱ्यावर न्यायचं. त्यांनी जागा निवडली ती ऐकून मी हसलोच. निलगिरीच्या डोंगरातले छोटे चहा उत्पादक.

"चहा?" मी म्हणालो. "आपल्याकडे गवती चहासुद्धा पाणी घातल्याशिवाय येत नाही."

"पीक बघायला न्हाई जायचं," अध्यक्ष म्हणाले. "त्येंची रानंबी उताराची, तुकडे एकेक-दोनदोन एकराचे, अन् त्येंचाबी सहकारी कारखाना हाय. मधी बुडायला आलता म्हणं. आता औषध कमी मारतेत, जमीन राखून हायेत अन् मालबी खपतो. कसं केलं ते बघून या."

माघात आम्ही निघालो. बाराजण आणि मी. त्यात मावशी होत्या आणि एक आबाही होते. आबांची तीन एकरांची बाग होती, पण खरा जीव मेंढरांत. चाळीसेक मेंढरं मुलाच्या हवाली करून ते आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसले होते.

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी सकाळी छोट्या बसनं घाट चढायला सुरुवात केली आणि सगळे खिडक्यांकडे सरकले. दोन्ही अंगांना चहा. कमरेएवढी झुडपं, वरून कापल्यासारखी सपाट, डोंगराच्या टोकापर्यंत. वळणावळणावर खडकातून पाणी झिरपत होतं आणि रस्त्याच्या कडेनं फुकट वाहून जात होतं. कुणी हंडा लावलेला नव्हता. मावशी खिडकीला नाक लावून ते पाणी बघत राहिल्या. मग चिडून म्हणाल्या, "एवढं हिरवं हाय तर ह्यांना सल्ला कावून लागतो?"

ती तिथं रस्त्यावर उभी होती. चहाच्या कारखान्याची सल्लागार. तिशीची असेल. पायात रबरी बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तिला तमिळ आणि इंग्रजी येत होतं, हिंदी मोडकं. म्हणून ती इंग्रजीत बोलायची आणि मी मराठीत सांगायचो. सुरुवातीला मला ते आवडलं. आपली माणसं, आपली भाषा, मधे आपण.

पहिल्याच बागेत गेलो तेव्हा वीसेक बायका चहा खुडत होत्या. तिला बघताच त्यांनी पाठीवरच्या टोपल्या उतरवल्या आणि हातात पानं घेऊन तिच्याभोवती गोळा झाल्या. तिनं हाक मारली नव्हती. प्रत्येकीला काहीतरी दाखवायचं होतं, एकीला तर तिच्याशी भांडायचंच होतं. मी सात वर्षं बैठकीसाठी देवळावरचा भोंगा वापरत होतो. मला तिथं पहिल्यांदा टोचलं.

तिनं गोष्ट सांगितली ती साधी होती. हिवाळ्यानंतर तिथं पाऊस थांबतो. त्या कोरड्या दिवसांत चहावर लाल कोळी नावाची बारीक कीड पडते आणि पानं विटकरी होतात. शेतकरी घाबरून दर आठ-दहा दिवसांनी सगळ्या बागेवर औषध मारायचे. पानांत औषधाचा अंश सापडायला लागला आणि खरेदीदारांनी कारखान्याचा चहा नाकारला. ही आली तेव्हा लोक तिला बागेत येऊ देत नव्हते. तिनं एकेकीला भिंग देऊन पान उलटं करायला लावलं. कोळी दिसला तर त्याच झुडपांवर फवारा, बाकीची सोडा. छाटणीचा पाला जळणाला नेऊ नका, बुंध्याजवळ पडू द्या. सावलीची झाडं तोडू नका.

"कोरडे दिवस किती?" आबांनी विचारलं.

मी विचारलं. तीन महिने, ती म्हणाली.

"तीन म्हयने!" आबा म्हणाले आणि सगळे बीडवाले खो-खो हसले. तिला हसण्याचं कारण सांगितलं तेव्हा तीही हसली आणि मग म्हणाली, "तुमच्याकडे किती?" आबांनी बोटं मोजायला घेतली आणि दुसऱ्या हातावर गेले. तिनं हसणं थांबवलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते मी विसरू शकलेलो नाही. तिनं मावशींचा हात धरला, एका झुडपाखाली पाचोळ्यात खुपसला आणि तिथं ठेवला. मग तोच हात ओळीबाहेरच्या उघड्या मातीत ठेवला. मावशींनी स्वतःहून हात पुन्हा पाचोळ्यात घातला.

"हितं गार हाय की वो," त्या मला म्हणाल्या, जणू मला ते माहीतच नव्हतं.

मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी पाला कुठे जातो?" आणि मावशी बोलायला लागल्या. अर्धा तास. पऱ्हाट्या का जाळतात ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा काडीकचरा झाडाखाली पसरला होता, त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली आणि तिनं सहा झाडं आतून खाल्ली. तेव्हापासून त्या घरात रानात काडी ठेवत नाहीत. मी हे इंग्रजीत सांगत होतो आणि माझे कान तापत होते. सात वर्षांत ही उधई मला कुणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "मग बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा."

माझ्या घडीपत्रकात चौथ्या मुद्द्यात हेच छापलेलं होतं. शब्दसुद्धा वीतभर हाच.

परत आल्यावर आठ दिवसांत मावशींनी पऱ्हाट्या कोयत्यानं तोडून झाडांखाली पसरल्या, बुंध्याला वीतभर सोडून. त्यांचं बघून पलीकडच्यांनी, मग आणखी दहा-बारा घरांनी. मी मोटारसायकल थांबवून बघत होतो. मावशी कंबर सरळ करत म्हणाल्या, "तिकडच्या बाईनं सांगितलंय. लई हुशार बाई हाय."

"मी पण सांगत होतो, मावशी."

"तुमी तर सांगताच की सारखं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष तिचं कौतुक करायला लागले. कुणी औषधाची बाटली दाखवली की दुसरा म्हणायचा, "आधी पान उलटं करून बघितलं का बे? चहावाली बाई काय म्हणलीती?" माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "दिसायला कशी होती हो ती?" मी जेवण अर्धं टाकून उठलो. तिला वाटलं भलतंच काही आहे. भलतं नव्हतं. मला ती बाई नको होती, तिची जागा हवी होती. आमच्या माणसांच्या तोंडातली.

चैत्रात मावशी ऑफिसात आल्या. झाडाखाली पांढरे किडे दिसत होते. "साहेब, त्या बाईला फोन लावून इचारा, उधईच हाय का दुसरं काय. अन् काय करू ते बी इचारा."

ऑफिसात फोन होता, तिचा नंबर माझ्या डायरीत होता. मी मावशींना उद्या सांगतो म्हणालो. फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मावशींच्या रानात गेलो, किडे बघितले. उधई नव्हती, कुजक्या काडीतले साधे किडे होते. मी म्हणालो, "बोललो मी तिच्याशी. ती म्हणते घाबरू नका, थोडं शेण कालवून शिंपडा, काडी लवकर कुजेल."

मावशींनी त्याच दिवशी शेण कालवलं. सात वर्षांत माझं एवढं तातडीनं कुणी ऐकलं नव्हतं.

तिथून ती सवय लागली. कुणी काही विचारलं की मी म्हणायचो, "विचारून सांगतो." मग दोन दिवस थांबून माझंच मत तिच्या नावानं सांगायचो. सल्ले बरोबर होते, झाडं तगत होती आणि नाव तिचं होत होतं. प्रत्येक वेळी मला आनंद व्हायचा आणि प्रत्येक वेळी घरी जाताना मी तिचा आणखी द्वेष करायचो, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वैशाखात मी आबांकडे गेलो. त्यांच्या शेततळ्यात अजून कमरेएवढं पाणी होतं. साऱ्या शिवारात तेवढंच. ते मेंढरांसाठी राखून ठेवलं होतं. माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती: झाडांना आत्ता पाणी दिलं तर बहार लवकर धरेल, पाऊस वेळेवर आला की फळं मोठी होतील आणि इतरांच्या आधी बाजारात जातील. असं काहीतरी करून दाखवायचं होतं जे तिनं केलं नसतं. आबा तयार होईनात.

"मेंढरांचं पाणी हाय ते."

"तिला विचारलं मी," मी म्हणालो. "ती म्हणते, द्या."

आबा तळ्याच्या काठापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी मोटर जोडली.

बहार आला. फुलं भरगच्च लागली. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. वाऱ्यानं धूळ उडत होती आणि फुलं खाली पडत होती, मग बारकी फळं पडायला लागली. तळ्याच्या तळाशी चिखल वाळून तडकला. आबांना मेंढरं घेऊन रोज पहाटे निघावं लागायचं, दुसऱ्या गावच्या तलावापर्यंत. त्या वाटेवर दोन मेंढरं बसली ती उठली नाहीत.

गावाच्या चौकात आबा सगळ्यांसमोर बोलले. "ती चहावाली! रस्त्यावरून पाणी व्हातंय तिच्या मुलखात. तिला काय ठावं पाणी म्हंजे काय! आमी यडे, तिचं ऐकत बसलो." दोघाचौघांनी दुजोरा दिला. कुणी तरी म्हणालं, "आपला साहेब बरा, निदान आपल्या इकडचा तरी हाय."

मी तिथंच उभा होतो. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. एवढं बरं त्या वर्षात मला कधीच वाटलं नव्हतं.

आषाढ संपता संपता पाऊस आला, उशिरा आणि थोडा. त्याच आठवड्यात संस्थेच्या पत्त्यावर पाकीट आलं. अध्यक्षांनी वार्षिक सभेला तिला निमंत्रण पाठवलं होतं, त्याचं उत्तर. अध्यक्षांनी ते न उघडता माझ्याकडे दिलं. "इंग्रजी हाय. सभेत तुमीच वाचून दाखवा."

मी एकटा बसून वाचलं. या वर्षी येता येणार नाही, पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात येईन, असं तिनं लिहिलं होतं. मग लिहिलं होतं: तुम्ही गेल्यापासून एकही प्रश्न आला नाही, त्यामुळे काळजी वाटते. त्या बाईंच्या झाडांना उधई लागली का? मेंढरंवाल्या आजोबांनी आठ कोरडे महिने मोजले होते, त्यांना प्यायला पाणी उरलं का?

सभेला दोन दिवस होते. वाचताना दोन ओळी गाळणं सोपं होतं, कुणाला कळलंही नसतं. मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि मावशींच्या रानात गेलो. त्या खुरपत होत्या. बांधावर बसून त्यांना सगळं सांगितलं. फोन कधीच केला नव्हता, शेण माझं, पाणी माझं, सगळं माझं.

मला वाटलं होतं त्या हसतील किंवा म्हणतील, जाऊ द्या, झाडं तर जगली. मावशींनी खुरपं खाली ठेवलं.

"आबा तिला शिव्या देत होता तवा तुमी तिथंच होतात."

"होतो."

"अन् गप बसलात."

"हो."

"चांगलं झालं तवा नाव तिचं, म्हून तुमी जळलात. वाईट झालं तवाबी नाव तिचंच, तवा मातर तुमाला गोड लागलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझं काय न्हाई, साहेब. आबाकडं जावा. सभेच्या आधी जावा."

"तुम्ही याल बरोबर?"

"मी कावून येऊ?"

मी एकटाच गेलो. आबा मेंढरांच्या वाड्यात चारा टाकत होते. मी उभ्यानंच सांगितलं. ते माझ्याकडे न बघता चारा टाकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "त्या बाईला मी लई बोललो."

"चूक माझी होती, आबा."

"व्हय. पर बोललो मी." मग त्यांनी वाड्याचं काटेरी फाटक ओढून घेतलं. मी बाहेर होतो.

सभेत मी पत्र पूर्ण वाचलं. मग जे केलं तेही सांगितलं. अध्यक्ष खाली मान घालून बसले. त्यांनी मला काढलं नाही. दुसरा माणूस त्या पगारात मिळाला नसता हेही कारण असेल. पण वर्षभर आबांनी मला बागेत पाऊल ठेवू दिलं नाही. मोटारसायकल दिसली की ते मेंढरं आडवी घालायचे. बाकीच्यांनीही प्रश्न विचारणं थांबवलं. मला बैठका घेणं सोडावं लागलं. मग करायला काही नव्हतं म्हणून मी एकेकाच्या रानात जाऊन बसायला लागलो. सांगायचं काहीच नसल्यामुळे विचारायला लागलो. हे मी तिच्याकडून शिकलो, असं म्हणायला त्या वेळी माझी जीभ वळली नसती.

तिला मी पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा टाकलं. तिचं उत्तर आलं त्यात राग नव्हता, उपदेशही नव्हता. सुरुवातीच्या एका वर्षी तिनं दंव गोठण्याचा अंदाज चुकवला होता आणि एका म्हातारीची अख्खी कोवळी बाग करपली होती, हे तिनं लिहिलं होतं. ती म्हातारी अजून तिच्याशी बोलत नाही. पुढे आबांच्या मेंढरांविषयी तीन प्रश्न होते. मला त्यांची उत्तरं माहीत नव्हती.

सांगितल्याप्रमाणे पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ती खरंच आली. बीडच्या स्टँडवर मी आणि मावशी घ्यायला गेलो. मावशींनी तिला कपिलधारला न्यायचं ठरवलंच होतं. धबधब्याची धार तेव्हा मनगटाएवढी होती. ती त्याखाली हात धरून उभी राहिली, मावशी शेजारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी सारख्या बोलत होत्या. जीपमध्ये मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो होतो. मागे वळून दोनदा विचारलं, काही सांगायचं आहे का. दोघींनी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला मेंढरंवाल्या आजोबांकडे जायचं आहे. मी म्हणालो, ते मला आत घेत नाहीत. ती म्हणाली, मग तुम्ही कुंपणाबाहेरून भाषांतर करा.

आबांनी फाटक उघडलं, तिला बघून हात जोडले. मी बाहेर थांबलो तशी त्यांनी मान वळवली. "या आता, साहेब. तिला काय कळंल तुमच्याबिगर."

तिनं वही काढली. तिच्या डोंगरात कोरडे महिने वाढायला लागले होते. तीनाचे चार झाले होते. आठ महिने काढणारा माणूस ते कसे काढतो हे तिला समजून घ्यायचं होतं. आबांनी तिला रानात फिरवलं. कुठल्या बांधाला ओल शेवटपर्यंत राहते, मेंढरं कुठं बसवली की ती माती पुढच्या साली भुसभुशीत होते, कोणत्या झाडाची पानं आधी मिटतात. दोन तास. ती प्रत्येक वाक्याला थांबून लिहून घेत होती. आबा सत्तरीला आले होते आणि त्यांचं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिली वेळ होती. त्यांचा आवाज हळूहळू बैठकीतल्या माणसासारखा ठाम होत गेला.

मी नऊ वर्षं त्या बांधावरून जात होतो. ओल शेवटपर्यंत कुठं राहते हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला नाही. आबांचा वाटला. ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेनं माझ्याकडे कुणी शिकायला आलेल्या माणसानं कधी बघितलं नव्हतं.

"काय म्हणते ती?" आबांनी विचारलं.

"म्हणते, सावकाश सांगा, लिहून व्हायचंय."

"मग तुमीबी जरा सावकाश सांगा की," आबा म्हणाले, आणि मेंढरांच्या वाड्याकडे वळले. आम्ही दोघं त्यांच्यामागून गेलो.